दोन्ही हात मशीनवर

मे महिना सरत आला की शहरांतल्या सोसायट्यांना आवारातली झाडं आठवतात. पाऊस तोंडावर, गुलमोहराची फांदी गाड्यांवर ओणवलेली, चेअरमनना फोनवर फोन. महापालिकेची परवानगी हातात पडते, दर ठरतो आणि कंबरेला दोर बांधून एक माणूस सरसर वर जातो. डावा हात खोडाभोवती, उजव्या हातात घरघरणारं मशीन. खालचे लोक मान वर करून कौतुकाने बघतात. कौतुक करावं असं त्यात काही नाही. चेन सॉ एका हाताने चालवणं ही वरच्या कामातली सगळ्यात मोठी चूक.

या मशीनची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर पळते, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या आसपास. ती ज्या पट्टीवर फिरते, तिच्या टोकाचा वरचा भाग नकळत आडव्या डहाळीला टेकला की साखळी लाकडात अडकते आणि सगळा जोर उलटा फिरतो. पट्टी उसळून थेट चेहऱ्याकडे, मानेकडे येते. याला किकबॅक म्हणतात. सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून पुढच्या मुठीसमोर चेन ब्रेकचा दांडा असतो. पण मशीन उसळलं की डाव्या मनगटाने तो ढकलला जायला डावा हात मुठीवर हवा ना! झटक्याने आपोआप लागणारा ब्रेकही असतो, पण पट्टी आवरायला शेवटी दोन हातच लागतात.

झाडावर वापरायची लहान मशीनं येतात, तीन-चार किलोंची, वर मूठ असलेली. ती एका हातात छान तोलली जातात आणि तोच मोह घात करतो.

आता दोन्ही हात मशीनवर ठेवायचे तर माणसाला झाडावर धरून ठेवणार कोण? दोर. तोही एक नव्हे, दोन. एक वरच्या भक्कम बेचक्यातून आलेला, दुसरा खोडाभोवती घेतलेला आखूड पट्टा. ताणलेल्या दोराला फिरती साखळी नुसती लागली तरी तो तुटतो, म्हणून मशीन चालू करण्याआधी दोन ठिकाणी बांधून घ्यायचं. आखूड पट्ट्याच्या गाभ्यात तार असलेली बरी. कंबरेचा दोर पुरत नाही, त्यावर लोंबकळलं की श्वास कोंडतो. मांड्यांतून जाणारा हार्नेस हवा.

कापायचीही रीत आहे. जड फांदी वरून सरळ कापत गेलं तर ती अर्ध्यात मोडते आणि साल सोलत खोडापर्यंत फाटत येते. गुलमोहराचं लाकूड तर मुळात ठिसूळ. म्हणून पहिला काप खालून, खोडापासून वीत-दीड वीत अंतरावर, फांदीच्या जाडीच्या पाव भागाइतका. दुसरा वरून, त्याच्या दोन-तीन बोटं पुढे. फांदी तिथे मोडून पडते, साल शाबूत राहते. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा, पण खोडाला घासून नाही. फांदीच्या बुडाशी सालीला सुरकुत्या पडलेली फुगीर कडा दिसते. ती राखून, तिच्या बाहेरून कापलं तर जखम भरून येते. खांद्याच्या वर मशीन उचलायचं नाही. हात पोचत नसेल तर माणसाने वर सरकायचं. शिडीवरून तर चेन सॉ चालवायचाच नाही. कापलेली फांदी झोका घेऊन शिडीवरच येते.

फांदीच्या वजनाचा अंदाज हमखास चुकतो. ३० सेंटीमीटर जाड आणि तीन मीटर लांब ओल्या लाकडाचा तुकडा दीडशे ते दोनशे किलो भरतो. खाली गाड्या, पत्रे, भिंत असेल तर तो दोराने बांधून सावकाश उतरवावा लागतो, आणि दोर धरणारा फांदीच्या पडण्याच्या टप्प्याबाहेर उभा हवा. जागा बदलताना ब्रेक लावायचा, लांब सरकायचं तर मशीन बंद. बॅटरीचं मशीन जास्त फसवं: आवाज नाही, म्हणून ते बंदच आहे असं वाटतं, आणि बोट दाबलं की साखळी लगेच पळते. मनगटाएवढ्या फांदीला हातकरवत पुरते, मशीन खालीच राहू द्यावं.

विजेची तार जवळ असेल तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणीही चढू नये. ओल्या फांदीतूनही वीज येते.

आणि वरचा माणूस जखमी होऊन दोरावर लटकला तर? अग्निशमन दलाची वाट बघण्याइतका वेळ वाहतं रक्त देत नाही. चढू शकणारा दुसरा माणूस, त्याच्या स्वतःच्या दोरांसह, खाली तयार असलाच पाहिजे. सोसायट्या नेमका हाच खर्च कापतात. या वर्षी दर ठरवताना दुसऱ्या माणसाची मजुरी, हार्नेस आणि हेल्मेट त्यात धरलंय का, एवढं ठेकेदाराला विचारा. धरलं नसेल तर पैसे वाढवून द्या, नाहीतर दुसरा ठेकेदार बघा.