लष्करी रुग्णालयात चिकित्सा-संशोधन : प्रारंभ कोठून करावा?

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील चौतिसावा अध्याय सैन्यासोबत राहणाऱ्या वैद्यासाठी राखून ठेवला आहे. युक्तसेनीय हे त्याचे नाव. मोठ्या छावणीत राजगृहालगत सर्व उपकरणांनिशी सज्ज असा वैद्य असावा आणि विष, शल्य वा व्याधी यांनी पीडित झालेल्यांनी निःशंकपणे त्याच्याकडे यावे, असे आचार्य तेथे सांगतात. पदवी अभ्यासक्रमात हा अध्याय आपण सर्वांनीच वाचला. परंतु परीक्षेनंतर त्याकडे पुन्हा वळण्याचा प्रसंग फारसा कोणावर आला नसावा. आमच्यावर तो आला. कटिशूलाने पीडित जवानांवर एक लहानसा अभ्यास करावा, या हेतूने आम्ही काही वैद्यमित्र एका लष्करी रुग्णालयाच्या दारात उभे राहिलो. त्या प्रयत्नात जे उमगले, आणि जे चुकले, ते येथे मांडीत आहोत.

विषय आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. संरक्षण मंत्रालयाने २०२२ साली देशातील ३७ छावणी रुग्णालयांत आयुर्वेद केंद्रे सुरू करण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हापासून ‘तेथे संशोधन करता येईल काय?’ असा प्रश्न वैद्यबंधू आणि औषधनिर्माते आम्हांस वारंवार विचारतात. येथे प्रथमच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. छावणी परिषदेचे रुग्णालय निराळे आणि ज्याला आपण बोलीत ‘एम.एच.’ म्हणतो ते लष्करी रुग्णालय निराळे. पहिले छावणी परिषदेच्या कारभाराखाली असते व तेथे आसपासचे नागरिकही उपचारासाठी येतात. दुसरे सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेच्या अखत्यारीत असते आणि तेथील रुग्ण हा प्रथम सैनिक असतो. आम्ही आरंभी हा भेद नीट न जाणता अर्ज केला. तो चुकीच्या कार्यालयात गेला आणि कित्येक आठवडे तेथेच पडून राहिला. दोष कोणाचाच नव्हता, अज्ञान आमचे होते.

लष्करी रुग्णालयात बाहेरील वैद्याला एकट्याने संशोधन करता येईल, अशी आशा कोणी बाळगू नये. तेथील सेवेतील एखादा वैद्यकीय अधिकारी सहसंशोधक म्हणून बरोबर हवा. असा सहकारी मिळविण्यासाठी आम्ही जो मार्ग धरला तो सुचवावासा वाटतो. भेटीस जाण्यापूर्वी त्यांचे वाङ्मय वाचावे. ‘मेडिकल जर्नल आर्म्ड फोर्सेस इंडिया’ हे त्यांचे नियतकालिक १९४५ पासून निघत आहे, म्हणजे १९४८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाहूनही ते जुने. त्याचे अंक चाळले असता सैनिकी जीवनातील कोणत्या व्याधी त्या मंडळींना सतावतात याची कल्पना येते. ‘आमच्याकडे अमुक गुटी आहे, ती कोणावर तरी वापरून पाहू’ असे म्हणत जाणाऱ्याला चहा मिळतो. सहकारी मिळत नाही.

लेखी नोंदीचे मोल काय, हे याच पुणे परिसराने जगाला एकदा दाखविले आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी नामक मराठी इसमाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या समाजातील एका कसबी माणसाने कपाळाची त्वचा वळवून ते पुन्हा घडविले. क्रूसो व फिंडले हे कंपनीचे शल्यवैद्य साक्षीला होते म्हणून ते वृत्त ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापले गेले आणि युरोपातील शल्यविदांचे लक्ष या विद्येकडे वळले. ज्याने शस्त्रकर्म केले त्याचे नाव मात्र त्या वृत्तात नाही. आपल्या चिकित्सालयांतील केसपेपर पाहिले म्हणजे आम्हांस हा प्रसंग हटकून आठवतो.

आता मूळ अडचणीकडे वळू. निधी, औषध, यंत्रसामग्री यांची चिंता आम्ही पुष्कळ केली होती. ज्याची केली नव्हती ती गोष्ट पहिल्याच दिवशी समोर आली. संमतिपत्र हाती घेऊन आम्ही कक्षात बसलो होतो. सुभेदारसाहेबांनी जवानांना रांगेत आत पाठविले. पहिला जवान सातारा भागातील होता. आम्ही पत्रक वाचावयास आरंभ करणार तोच तो अदबीने म्हणाला, “साहेब, सही कुठं करायची?”

“आधी ऐकून तर घ्या. भाग घ्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं आहे.”

“ठरलंय की साहेब. नाव आलंय ना यादीत.”

त्या दिवशी आम्ही एकही सही घेतली नाही. ज्या माणसाला आज्ञापालनाचे शिक्षण मिळाले आहे आणि ज्याच्या शिस्तीवर इतरांचे प्राण अवलंबून असतात, त्याच्या ‘हो’चा अर्थ काय घ्यावा? नागरी रुग्ण औषध नकोसे झाले तर पुढच्या वेळी येत नाही. जवानाला ती मुभा आपोआप मिळत नाही. ती आपण निर्माण करावी लागते. हे काही आमचे नवे चिंतन नव्हे. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय सुचिकित्सा-संशोधन संहितेत, ज्यांच्या संमतीवर अवाजवी दबाव येऊ शकतो अशा गटांमध्ये सशस्त्र दलांच्या सदस्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही कैदी, विद्यार्थी, हाताखालील कर्मचारी यांच्याबरोबर सेवेतील जवानांना गणून, त्यांना संशोधनात घेण्यासाठी पुरेसे समर्थन मागितले आहे. हे सारे आम्ही वाचले होते. परंतु वाचणे आणि तो जवान समोर उभा राहणे यांत अंतर असते.

लष्करी वैद्यकाचा इतिहासही येथे मार्गदर्शक ठरतो. भारतीय वैद्यकीय सेवेतील रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात मलेरियाचा परजीवी शोधला, तेव्हा हुसेन खान या रुग्णाला डास चाववून घेण्यासाठी दर डासामागे एक आणा दिला जाई. तीनच वर्षांनी क्यूबामध्ये अमेरिकन लष्करातील वॉल्टर रीड यांच्या पथकाने पीतज्वराच्या प्रयोगांत भाग घेणाऱ्यांशी लेखी करार केले. त्यात धोका नमूद होता आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी तो स्पॅनिशमध्ये होता. आज अमेरिकेच्या संरक्षण विभागाचा नियम असा आहे की, सैनिकाला संशोधनात सहभागी करून घेण्याच्या वेळी त्याचे वरिष्ठ त्या जागी उपस्थित राहू नयेत.

हाच नियम आम्ही आमच्यापुरता उचलला. यादी रद्द केली. सुभेदारसाहेबांना कक्षाबाहेर थांबण्याची विनंती केली. (ते काहीसे नाराज झाले, त्यांनी सद्भावनेनेच रांग लावली होती.) माहिती सांगणाऱ्याच्या अंगावर गणवेश नसावा असे ठरविले. ऐकल्यानंतर एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा आणि मगच विचारावे, असाही दंडक घातला. आणखी एक चूक तेव्हाच ध्यानात आली. आमचे पत्रक केवळ मराठीत होते. एम.एच.च्या वॉर्डात एका खाटेवर कोल्हापूरचा, शेजारी गढवालचा आणि पलीकडे तामिळनाडूचा जवान असतो. नीतिसमितीने पत्रक परत पाठविले ते योग्यच होते.

नीतिसमितीविषयी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. तिला अडथळा समजण्याची आपल्याकडे प्रथा पडू लागली आहे. समितीतील विधिज्ञ व सामान्य नागरिक प्रतिनिधी यांनी आम्हांस जे प्रश्न विचारले ते एकाही वैद्याला सुचले नव्हते. ‘अभ्यास सोडून गेलेल्या जवानाच्या सेवापुस्तकात त्याची नोंद होईल काय?’ हा त्यांतला एक. समितीची मान्यता मिळाल्यावर आणि पहिला रुग्ण घेण्यापूर्वी भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत अभ्यासाची नोंद करावी. ही नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली, नोंदणी निःशुल्क आहे आणि एप्रिल २०१८ पासून अभ्यास सुरू झाल्यावर केलेली नोंद तेथे स्वीकारली जात नाही. ‘निष्कर्ष चांगले आले तर नोंदवू’ हा मार्ग बंद झाला, हे उत्तमच झाले.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. आपले रोगपरीक्षण बहुतांशी रुग्णाच्या कथनावर उभे असते. शूल किती, स्तंभ किती, निद्रा कशी, अग्नी कसा, हे सांगायचे रुग्णाने. जवानाच्या बाबतीत या कथनामागे त्याची नोकरी उभी असते. सैन्यात ‘शेप’ नावाची वैद्यकीय श्रेणीपद्धती आहे. मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता व दृष्टी यांनुसार प्रत्येकास श्रेणी मिळते आणि श्रेणी घसरली तर बढती, नेमणूक, प्रशिक्षण या सर्वांवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे बढतीच्या उंबरठ्यावरील नाईक कंबर मोडत असूनही ‘ठीक आहे साहेब’ म्हणतो. उलट, एखादा जड कामातून काही काळ सुटका हवी म्हणून वेदना वाढवून सांगतो. दोघेही लबाड नव्हेत. आपल्या अभ्यासात मात्र दोन्ही आकडे चुकीचे पडतात, आणि औषधाला नसलेले यश अथवा अपयश पदरी येते.

यावर आम्हांस सापडलेला उपाय अपुरा आहे, तरी सांगतो. वेदनेच्या नोंदीबरोबर पुढे वाकण्याचे अंतर, पाय सरळ उचलण्याचा कोन अशी मोजता येणारी मापे घ्यावीत. मापे घेणाऱ्यास कोणाला कोणते औषध दिले आहे हे ठाऊक नसावे. आणि अभ्यासासाठी दिलेली माहिती श्रेणी ठरविणाऱ्या मंडळापुढे जाणार नाही, अशी लेखी व्यवस्था रुग्णालयाशी आधीच करून घ्यावी. ती होत नसेल तर अभ्यासाचा विषय बदलावा.

पथ्याचे तर विचारूच नये. आम्ही त्रयोदशांग गुग्गुळ व कटिबस्ती अशी योजना केली आणि वातल आहार वर्ज्य करावा असे लिहून दिले. लंगरमध्ये शेकडो जणांसाठी एक राजमा शिजतो. तेथे एकाच्या ताटात निराळे काय वाढणार? पाठीवर पिठ्ठू, पहाटेची पी.टी., रात्रीचा पहारा हे हेतुसेवन तर आज्ञेनेच चालू असते. निदानपरिवर्जन शक्य नसताना चिकित्सेचे मूल्यमापन करावे लागते. हा दोष मानून रडण्यापेक्षा तशी स्पष्ट नोंद करावी. सर्वांचा आहार-विहार जवळपास सारखा असणे ही तुलनेच्या दृष्टीने सोयही आहे, जी नागरी रुग्णांत कधीच लाभत नाही.

पाठपुरावा मात्र खरोखर अवघड. एक जवान रजेवर गेला, दुसऱ्याची तुकडी हलली, तिसरा कोठे गेला हे विचारण्याचाही आम्हांस अधिकार नव्हता. सहा महिन्यांचा अभ्यास आखणे हा आमचा भाबडेपणा ठरला. रुग्ण जितके दिवस खाटेवर वा हलक्या कामावर असतो तेवढ्यातच मोजता येईल असा प्रश्न निवडावा. लेख प्रसिद्धीस देण्यापूर्वी सैनिकी परवानगी लागते, आणि तुकडीचे नाव, संख्याबळ, ठिकाण हे त्यात येता कामा नये, हेही आधीच ध्यानी घ्यावे.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी दोन शब्द. संपूर्ण अभ्यासाला एकाच बॅचचे औषध हवे आणि त्या बॅचचा नमुना राखून ठेवलेला हवा. गुग्गुळात इतर डिंकांची भेसळ ही बाजारातील नित्याची गोष्ट आहे. कच्च्या मालाचे परीक्षण कागदावर नसेल तर पुढचे सारे व्यर्थ. आम्हांस एका निर्मात्याने निम्मे औषध एका बॅचचे व निम्मे दुसऱ्या बॅचचे पाठविले, आणि ‘फॉर्म्युला तोच आहे’ असे समाधान केले. तुलनेसाठी औषधविरहित गुटी बनविण्याचाही प्रयत्न झाला. तिला गुग्गुळाचा वास येईना आणि जवानांनी एका दिवसात ओळखली. शेवटी तो नाद सोडून, रुग्णालयात चालू असलेल्या व्यायामोपचाराशी तुलना ठरविली. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील १५८-ब हा नियम २०१० पासून आहे. ग्रंथोक्त कल्प ग्रंथोक्त अधिकारासाठीच विकणाऱ्यास परवान्यासाठी परिणामकारकतेचा निराळा पुरावा द्यावा लागत नाही. नवा अधिकार लेबलावर आणावयाचा झाल्यास लागतो. अभ्यासाला औषध देणाऱ्याने आपल्याला यांतले काय हवे आहे हे प्रथमच सांगावे. आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो छापला जाईल, हे करारात लिहावे. आम्ही ही अट घातल्यावर एक देणगीदार मागे फिरला.

अखेरीस आमचा अभ्यास मूळ आराखड्याच्या मानाने फारच लहान झाला. प्रथम जुन्या केसपेपरांवरून कटिशूलाचे रुग्ण कोणत्या कामाचे, कोणत्या ऋतूत येतात, याची नोंद आम्ही केली. त्यालाही नीतिसमितीची मान्यता घेतली. चिकित्सेचा भाग त्यानंतर, सुधारलेल्या संमतिपत्रासह सुरू केला. नव्या पद्धतीने माहिती सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी परत आलेला पहिला जवान खुर्चीच्या कडेवर बसला, थोडा वेळ घुटमळला आणि म्हणाला, “साहेब, मला नको. गोळ्या नेहमीच्याच द्या.”

त्याला त्याची नेहमीची औषधे त्याच वेळी दिली गेली. नोंदवहीतील पहिल्या ओळीत आम्ही ‘नकार’ असे लिहिले आणि पुढच्या जवानाला आत बोलावले.