वारा वेगळा, हवापालट वेगळा

‘वारा’ आणि ‘हवा’ हे दोन शब्द आपण दिवसातून दहादा उच्चारतो आणि दहादा त्यांची गल्लत करतो. वर्गात मुलांना मी एक सोपी कसोटी सांगतो. वारा अंगाला लागतो. हवा मानवते किंवा मानवत नाही. म्हणूनच पूर्वी आजाऱ्याला हवापालटासाठी पाचगणीला किंवा देवळालीला नेत, नुसता वारा खायला नव्हे. शब्दांतला हा एवढासा भेद एका घराच्या मिळकतीशी आणि एका वृद्ध बाईंच्या श्वासाशी कसा येऊन भिडला, ते आज सांगणार आहे.

माझी धाकटी बहीण पुण्यात राहते. दोन वर्षांपूर्वी तिच्या यजमानांचा कारखाना बंद झाला. बाईने हातपाय गाळले नाहीत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबी-संशोधनाचे केंद्र आहे. तिथे तिने शिकून घेतले आणि घरातल्या आतल्या खोलीत धिंगरी अळंबीच्या पिशव्या टांगल्या. भाताचा पेंढा भिजवून, गरम पाण्यातून काढून निववायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याचे थर भरायचे आणि मधूनमधून अळंबीचे बियाणे पेरायचे, एवढाच तो संसार.

पंधरावीस दिवसांत पिशव्या दह्यासारख्या पांढऱ्या झाल्या, कोंबही फुटले. पण पीक आले ते वेडेवाकडे. देठ बोटभर लांब आणि छत्री शर्टाच्या बटणाएवढी. भाजीवाल्याने माल परत केला. “दादा, खोलीत चोवीस तास पंखा चालू आहे रे. आणखी किती वारा घालू?” तिने मला विचारले.

दुखणे त्या प्रश्नातच होते. अळंबी ही काही हिरवी वनस्पती नव्हे. ती तुमच्याआमच्यासारखीच प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. बियाणे पेंढ्यात पसरत असते तोवर तिला कोंडलेली खोली चालते. एकदा कोंब फुटले की मात्र ताजी हवा हवी. बाहेरच्या मोकळ्या हवेत आज दर दहा लक्ष भागांत सव्वाचारशेच्या आसपास भाग कार्बन डायऑक्साइडचे असतात. खोलीत हे प्रमाण हजाराच्या बरेच वर गेले की धिंगरीची छत्री खुरटते आणि देठ मात्र ताज्या हवेच्या शोधात लांबत जातो. छताचा पंखा तीच कोंडलेली हवा गोलगोल फिरवतो. वर कोवळ्या कोंबांना सुकवून टाकतो ते निराळेच. तो वारा देतो, हवापालट करीत नाही. हवापालटासाठी जुनी हवा बाहेर काढणारा पंखा हवा, आणि नवी हवा आत यायला वाटही हवी.

आम्ही दोघे बुधवार पेठेत गेलो. “घेऊन जा हा मोठा, जोरदार आहे,” असे दुकानदार म्हणाला. पण पंखा जोरावरून घ्यायचा नसतो, हिशेबावरून घ्यायचा असतो. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करा. बहिणीची आतली खोली दहा बाय आठ, उंची दहा फूट. म्हणजे 800 घनफूट. धिंगरीच्या खोलीतली हवा तासाला चार ते आठ वेळा बदलावी असे धरतात. सहा वेळा धरली तर तासाला 4800 घनफूट झाले. पंख्याच्या खोक्यावर बहुधा घनमीटर छापलेले असतात. सुमारे 35.3 घनफुटांचा एक घनमीटर, म्हणजे तासाला सुमारे 136 घनमीटर. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. समोर जाळी आली, नळी आली, नळीला वळण आले की पंखा दमतो. म्हणून हिशेबाच्या दीडपट क्षमता घ्यावी. त्याहून फार मोठा पंखा मात्र घेऊ नये. तो खोलीतला ओलावाही ओढून नेतो आणि धिंगरीला तर शेकडा 80 ते 90 आर्द्रता लागते.

पंख्याची जातही पाहावी लागते. भिंतीला भोक पाडून थेट बाहेर हवा टाकायची असेल तर साधा पात्यांचा एक्झॉस्ट पुरतो. लांब नळीतून हवा न्यायची असेल किंवा वाटेत गाळणी बसवायची असेल, तर तो हतबल होतो. तिथे नळीत बसणारा ब्लोअर घ्यावा. बंद असताना बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून पंख्याला आपोआप मिटणाऱ्या झडपा असाव्यात. खोली ओली असल्यामुळे अर्थिंग आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे बटण यांत काटकसर करू नये.

आता हवा आत येण्याची वाट. आपली मंडळी पंख्याला पैसे मोजतात आणि हिला विसरतात. बाटलीला बूच घट्ट बसवून तोंडाने कितीही ओढा, पाणी येत नाही, तसेच हे. आत येणारे भोक पंख्याच्या भोकापेक्षा मोठे असावे, त्याला माश्या अडवणारी बारीक जाळी असावी आणि ते पंख्याच्या समोरच्या टोकाला, खालच्या बाजूला असावे. दोन्ही जवळजवळ असली तर नवी हवा पाहुण्यासारखी दारातूनच परत जाते. एक इशाराही देऊन ठेवतो. योग्य वाट नसली तर पंखा मिळेल तिथून हवा ओढतो. घरात गॅसचा गीझर असेल तर त्याचा विषारी धूर बाहेर जाण्याऐवजी घरात ओढला जाऊ शकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हवा कशी वाहते हे पाहायला महागडे यंत्र नको. उदबत्ती पेटवा आणि खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात धरा. धूर सरळ वर जाऊन रेंगाळला तर तिथे हवा पोचत नाही. पंख्याकडे हळूच झुकला तर ठीक.

आम्हीही उदबत्ती लावली, आणि खरा पेच तिथेच उभा राहिला. आतल्या खोलीची एकुलती एक खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडते. पंखा तिथे बसवला तर बाहेर काढलेली हवा त्याच डक्टवरच्या शेजारच्या खिडकीतून पुन्हा घरात. आणि ती खिडकी बहिणीच्या सासूबाईंच्या खोलीची. सासूबाईंना दम्याचा जुना विकार. धिंगरी तयार झाली की पिठासारखी बीजाणूंची धूळ सोडते. ती दिवसेंदिवस छातीत गेली तर धडधाकट माणसालाही खोकला, ताप आणि धाप लागणारा फुफ्फुसाचा विकार जडू शकतो. मग दमेकऱ्याचे काय?

दुसरी जागा होती ती मागची बंदिस्त गॅलरी. आठ बाय चार, उंची नऊ फूट. म्हणजे 288 घनफूट. हवा थेट मोकळ्यावर जाणार. सहा वेळांचा हिशेब तासाला 50 घनमीटर आणि दीडपट धरून 75. सगळ्यात लहान पंखाही पुरे. पण पिशव्या मावणार तिसऱ्या हिश्श्याएवढ्या, म्हणजे मिळकतही तेवढीच. तिच्या यजमानांचे म्हणणे पडले, “आईला काही दिवस धाकट्याकडे पाठवू.” सासूबाई काही बोलल्या नाहीत. बहीण म्हणाली, “त्या कुठेही जायच्या नाहीत. पिशव्या जातील गॅलरीत.”

तसेच झाले. गॅलरीच्या एका टोकाला पंखा, दुसऱ्या टोकाला जाळीची वाट. पंखा हवा बाहेर ओढतो, त्यामुळे दाराच्या फटीतून वाहते ती घरातून गॅलरीकडे, उलट नाही. टाइमर लावून पंखा थोड्या थोड्या वेळाने चालतो. चैत्र-वैशाखात पुण्याची हवा कोरडी, तेव्हा गोणपाटाचे पडदे ओले ठेवावे लागतात; श्रावणात बाहेरच ओलावा असतो, तेव्हा पाणी आखडते घ्यायचे. छत्रीची कड वर वळण्याआधीच, म्हणजे धूळ सुटण्यापूर्वी, तोडणी करायची आणि तीही मास्क बांधूनच.

आता छत्र्या तळहाताएवढ्या येतात आणि भाजीवाला आपणहून फोन करतो. मिळकत मात्र पहिल्या मनोऱ्यांच्या मानाने थोडी आहे. उरलेल्या वेळात ती दोन शिकवण्या करते. गॅलरीचे दार बंद आहे की नाही हे पाहायचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. रोज तोडणीच्या वेळी त्या दाराच्या अलीकडे उदबत्ती घेऊन उभ्या राहतात आणि धूर कुठे जातो ते सुनेला ओरडून सांगतात.