धनू राशीतला मोकळाढाकळा गुच्छ

गोलाकार तारकागुच्छ म्हटला की मध्यभागी ताऱ्यांची चेंगराचेंगरी डोळ्यांसमोर येते. धनू राशीतला ‘एम ५५’ मात्र विरळ विणीचा. हार्लो शॅप्ली आणि हेलन सॉयर यांनी १९२७ मध्ये अशा गुच्छांचे दाटीनुसार बारा वर्ग पाडले. पहिला सर्वांत गच्च, बारावा सर्वांत विरळ. एम ५५ चा वर्ग अकरावा. तारे कमी आहेत असं नाही, लाखभर तरी असतील. ते केंद्राशी गर्दी करत नाहीत, इतकंच.

अंतर सुमारे १७,५०० प्रकाशवर्षं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लकायला तो १७५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून दिसला. ज्याच्या यादीवरून ‘एम’ हे अक्षर आलं, त्या मेसिएने पॅरिसहून १७६४ मध्ये शोधला, पण सापडला नाही. हाती लागला तो थेट १७७८ मध्ये! बिचाऱ्याचा दोष नाही. पॅरिसच्या आकाशात हा गुच्छ क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येतो. मुंबईहून तो चाळीस अंशांपर्यंत चढतो.

पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरातल्या चंद्र नसलेल्या रात्री, साडेसातच्या सुमारास शहराच्या दिव्यांपासून दूर जा आणि दक्षिणेला दुर्बीण लावा. धुरकट, गोल ठिपका दिसला की तोच.