निपाणीत बघितलेली मराठी मालिका नेमकी कुणाच्या हिशेबात? टीव्हीला बेंगळुरू, सिनेमाला मुंबई

निपाणी : गुरुवार आला की मराठी मालिकांचा टीआरपी बाहेर येतो. कोणती मालिका पहिली, कोणती घसरली, कोणती आता गाशा गुंडाळणार, याच्या बातम्या दिवसभर फिरतात. निपाणीतही त्या आवडीने वाचल्या जातात. कट्ट्यावर, केशकर्तनालयात, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या घोळक्यात त्यावर मतंही पडतात. मालिका उगाच ताणली, नायिका किती सोसणार, जुना हिरोच बरा होता. ही मतं कुठल्याही मराठी गावात ऐकू येतील अशीच. फरक एवढाच, की ज्या यादीवर हे बोलणं चाललेलं असतं त्या यादीत निपाणीचं घर धरलेलंच नसतं.

हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण आहे ते असं आहे. मोजणी कशी होते ते समजून घेतलं की उलगडा होतो.

टीव्ही कोण किती बघतं हे मोजायचं काम ‘बार्क इंडिया’ ही संस्था करते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था अशा तिघांनी मिळून ती उभी केली आणि 2015 पासून तिचे आकडे येऊ लागले. देशभरातल्या काही निवडक घरांत ती मीटर बसवते. वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती खूण पकडतो आणि टीव्हीवर काय लागलंय ते ओळखतो. घरातल्या प्रत्येक माणसाला एक बटण दिलेलं असतं. टीव्हीपुढे बसलं की ते दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. आजीने बघितलं की नातवाने, हे त्यावरून कळतं.

2020 मध्ये देशात टीव्ही असलेली घरं सुमारे 21 कोटी आहेत, असा बार्कचाच अंदाज होता. त्या वेळी मीटर होते साधारण 44 हजार घरांत. म्हणजे पावणेपाच हजार घरांमागे एक मीटर. निपाणी शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साठ हजारांच्या पुढे होती. त्या हिशेबाने सबंध शहराच्या वाट्याला दोन-तीन मीटर येतात. ते खरंच बसवलेत का आणि बसवले असतील तर कुणाकडे, हे बाहेर कळू नये अशीच व्यवस्था असते. मीटर मागून मिळत नाही. मीटरचं घर माहीत झालं तर तिथे कुणी पैसे घेऊन पोचेल, ही भीती असते. 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा दाखल केला, त्यात आरोप नेमके असेच होते.

इथवर निपाणी आणि सांगली सारखीच. वेगळेपण पुढच्या पायरीवर सुरू होतं. बार्क आकडे बाजारपेठेप्रमाणे मांडते. मराठी वाहिन्यांची जी साप्ताहिक यादी जाहीर होते तिची बाजारपेठ आहे ‘महाराष्ट्र आणि गोवा’. कन्नड वाहिन्यांच्या यादीची बाजारपेठ ‘कर्नाटक’. आधी राज्य ठरतं, भाषा नंतर येते. कागलमधल्या घरात मीटर असेल आणि रात्री साडेआठला मराठी मालिका लागली असेल, तर ती मराठीच्या यादीत जमा होते. तिथून काही किलोमीटरवर, टोलनाक्याच्या अलीकडे कोगनोळीतल्या घरात तीच मालिका त्याच वेळी लागली असेल, तर ते बघणं कर्नाटकाच्या खात्यात जातं. कन्नड मालिकांच्या यादीत मराठी मालिका कुठे येणार? त्यामुळे ते बघणं लोकांपुढे कधी येतच नाही.

अगदी मोजलं जात नाही, असं म्हणता येणार नाही. पैसे भरून आकडे घेणाऱ्या वाहिन्यांना आपली वाहिनी कर्नाटकात किती बघितली गेली हे काढून बघता येतं. पण जाहिरातीचा भाव ठरतो तो जाहीर बाजारपेठेवर. पुण्या-मुंबईच्या सराफाला किंवा मसाल्याच्या कंपनीला माल जिथे खपवायचाय तिथलाच आकडा हवा असतो. मालिका चालू ठेवायची, वेळ बदलायची की बंद करायची, हेही त्याच आकड्यावर ठरतं.

आता जनगणना बघा. 2011 च्या मोजणीत कर्नाटकात मराठी मातृभाषा सांगणारे 20 लाखांहून जास्त होते. गोव्यात ते दीड लाखाच्या आसपास. गोवा मराठी यादीत आहे, बेळगाव-निपाणी नाही. गोव्यात कोकणी बोलणारी घरंही मराठी वाहिन्या भरपूर बघतात, त्यामुळे गोवा यादीत असण्यात चूक काहीच नाही. प्रश्न आहे तो या 20 लाखांचा.

याचा परिणाम पडद्यावर दिसतो का? थोडा दिसतो. झी मराठीवर 2016 ते 2021 या काळात ‘तुझ्यात जीव रंगला’ चालली. तिचं चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात होत असे. राणादाचं ‘चालतंय की’ निपाणीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. इथे बोलतात ती बोली त्याच गोतातली. पण निपाणीकर त्यात खोडही काढणार. बोलणं कोल्हापूरचं आहे, पण त्यात आमचे कानडी शब्द कुठायत? सीमेवरच्या घरातला माणूस एका वाक्यात दोन भाषा वापरतो, पोरं कन्नड शाळेची अक्षरं गिरवतात, आधार कार्डावरचं नाव कानडीत असतं. असं घर मराठी मालिकेत नायकाचं घर म्हणून आलेलं आठवतंय का कुणाला? लेखकांना हे ठाऊक नसेल असं नव्हे. ज्या बाजारपेठेसाठी लिहायचं त्यात हे घर नाही, इतकंच.

दुसरीकडे निपाणीच्या प्रेक्षकाकडे असं काही आहे जे पुण्याच्या प्रेक्षकाकडे सहसा नसतं. तो एकच गोष्ट दोन भाषांत बघतो. ‘आई कुठे काय करते’ स्टार प्रवाहवर डिसेंबर 2019 मध्ये आली, मूळ बंगाली ‘श्रीमोयी’. त्याच सुमारास स्टार सुवर्णावर हीच गोष्ट ‘इंति निम्म आशा’ म्हणून कन्नडमध्ये चालू होती, आणि 2020 मध्ये हिंदीत ‘अनुपमा’ सुरू झाली. ‘रंग माझा वेगळा’चं मूळ मल्याळम ‘करुत्तमुत्तु’. तिची कन्नड बहीण ‘मुद्दुलक्ष्मी’ 2018 मध्येच सुरू झाली होती, मराठी आली 2019 च्या ऑक्टोबरात. ज्या घरात सासूबाई मराठी लावतात आणि सूनबाई माहेरच्या सवयीने कानडी, तिथे दीपाचं पुढे काय होणार हे एकीला आधीच माहीत असणार. मग भांडण कथेवरून होत नाही. कुणी चांगलं काम केलं, कुणाची सासू जास्त खरी वाटली, यावरून होतं. असली तुलना करायला समीक्षकांनाही दोन वाहिन्या लावून बसावं लागेल.

कन्नडमध्ये अशा नव्याने केलेल्या मालिका इतक्या का, यालाही कारण आहे. कर्नाटकात दुसऱ्या भाषेतले चित्रपट आणि मालिका कन्नडमध्ये डब करू न देण्याचा अलिखित दंडक कित्येक दशकं होता. 2015 मध्ये स्पर्धा आयोगाने त्याविरुद्ध निकाल दिला, मग तो सैल झाला. तोवर परकी गोष्ट कन्नडमध्ये आणायची तर ती नव्याने चित्रित करायची, एवढीच वाट होती. ‘सैराट’चं तसंच झालं. मूळ मराठी चित्रपट 2016 चा. कन्नड ‘मनसु मल्लिगे’ 2017 मध्ये आला आणि नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच. इकडच्या लोकांनी आर्ची दोन्ही भाषांत बघितली आणि कुठली खरी यावर मत द्यायला ते एका पायावर तयार असतात. उलट दिशेनेही होतं. ‘कांतारा’ कन्नडमध्ये 30 सप्टेंबर 2022 ला लागला, हिंदी रूप आलं 14 ऑक्टोबरला. ज्याला कानडी कळतं त्याचं मत दोन आठवडे आधी तयार.

सिनेमाचा विषय निघालाच आहे तर त्याचा हिशेब बघू. तो टीव्हीच्या बरोब्बर उलटा आहे. हिंदी चित्रपटांचा धंदा देशाचे राज्याप्रमाणे भाग पाडत नाही, ‘सर्किट’प्रमाणे पाडतो. हे भाग जुन्या प्रांतांवरून पडलेत. मुंबई सर्किटमध्ये पश्चिम महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि जुन्या मुंबई इलाख्यातला कर्नाटकाचा भाग येतो. म्हणजे बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार. 1 नोव्हेंबर 1956 ला हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, पण वितरकांच्या वहीतून ते मुंबईतून हलले नाहीत. गंमत अशी, की नागपूर या वहीत सीपी-बेरारमध्ये आहे आणि मराठवाडा निजाम सर्किटमध्ये. मुंबईच्या खात्यात निपाणी आहे, नांदेड नाही! राज्य पुनर्रचना आयोगाला जे जमलं नाही ते वितरकांच्या कारकुनांनी नुसत्या आळसाने टिकवून ठेवलं, असं म्हणायला हरकत नाही.

पण वहीत मुंबई असली तरी कायदा कर्नाटकाचाच. जीएसटी यायच्या आधी, 2017 पर्यंत, महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता आणि कर्नाटकात कन्नडला. निपाणीत लागलेला मराठी चित्रपट परभाषक ठरायचा. मल्टिप्लेक्सने मराठीला ठरावीक वेळ द्यावी हा महाराष्ट्र सरकारचा नियमही कागलच्या अलीकडे चालत नाही. सीमावाद तापला की आणखी एक अडचण येते. डिसेंबर 2019 मध्ये कोल्हापुरात शिवसैनिकांनी ‘अवने श्रीमन्नारायण’ या कन्नड चित्रपटाचा खेळ बंद पाडला. इकडे वा तिकडे असं काही झालं, की दुसऱ्या बाजूच्या थिएटरवाल्याला धसका बसतो. पोस्टर लावावं की नाही इथपासून त्याला विचार करावा लागतो.

राहिला केबलचा प्रश्न, जो रोजचा आहे. 2019 मध्ये ‘ट्राय’चे नवे दर लागू झाले आणि वाहिन्यांचे संच भाषेप्रमाणे विकले जाऊ लागले. कर्नाटकात समोर ठेवला जातो तो कन्नड संच. मराठी हवं असेल तर वेगळं मागायला लागतं आणि दोन भाषांच्या घराला दोन संचांचे पैसे पडतात. यात बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की संच घेणं सक्तीचं नाही. प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी मागता येते, तिची छापील किंमत जाहीर असते, आणि ती द्यायला केबलवाला वा डीटीएच कंपनी बांधील आहे. ज्या घरात दोनच मराठी वाहिन्या बघितल्या जातात तिथे सुट्या घेतलेल्या बहुधा स्वस्त पडतात. छत्री लावून डीडी फ्री डिश घेतली तर सह्याद्री आणि चंदना दोन्ही फुकटात दिसतात.

तरुण पोरं मात्र या सगळ्याच्या बाहेर गेलीत. मालिका मोबाइलवर बघायची, तीही सकाळी सवडीने. मोबाइलवरचं बघणं गुरुवारच्या यादीत येत नाही, मग ते घर कोगनोळीचं असो की कागलचं.