करमरकरांच्या अंगणातील म्हैस

पनवेल, प्रतिनिधी - चौकाचौकांत थोरांचे पुतळे दिसतात; सामान्यांचे शिल्प मात्र क्वचितच. अलिबाग तालुक्यातील सासवणे येथील करमरकर शिल्पालय त्याला अपवाद आहे.

विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर यांचा जन्म १८९१ मध्ये सासवणे येथे झाला. देवळाच्या भिंतीवर त्यांनी रेखाटलेले शिवरायांचे चित्र जिल्हाधिकारी ऑटो रॉथफिल्ड यांनी पाहिले आणि या खेड्यातील मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट मोकळी झाली. पुण्यातील शिवरायांच्या अश्वारूढ ब्राँझ पुतळ्याने १९२८ मध्ये त्यांना कीर्ती लाभली. तथापि कोळी मुलगी आणि अंगणातील म्हैस त्यांनी साध्या सिमेंटमध्ये तितक्याच आत्मीयतेने घडविली. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या राहत्या घरीच ही शिल्पे जपण्यात आली असून, गावच्या माणसांना गावातच मानाचे स्थान लाभले आहे.