हेड गॅस्केट बदलल्यानंतर पुन्हा उद्भवणारा इंजिनातील बिघाड : दोषनिदानाची पद्धत
(सोलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश :
मोटारीच्या इंजिनाचे हेड गॅस्केट बदलल्यानंतर इंजिन पुन्हा तापणे, पाणी कमी होणे किंवा इंजिन अडखळत चालणे, हा वाहनधारक आणि कारागीर या दोघांनाही पेचात टाकणारा अनुभव आहे. गॅस्केट जळणे हा बहुधा मूळ आजार नसून अन्य दोषाचा परिणाम असतो, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात अशा बिघाडाची कारणे व ती ओळखण्याच्या चाचण्यांचा क्रम मांडला आहे. सोलापूरचा उन्हाळा आणि येथील दुष्फेन पाणी यांचा या प्रश्नाशी असलेला संबंधही स्पष्ट केला आहे.

बीजसंज्ञा : हेड गॅस्केट, शीतन यंत्रणा, दोषनिदान, दुष्फेन पाणी, रेषीय प्रसरण.

१. प्रस्तावना
पुणे-हैदराबाद महामार्गावर वसलेल्या सोलापुरात मोटार हे अनेक कुटुंबांचे उपजीविकेचे साधन आहे. भाड्याची मोटार चार दिवस उभी राहिली की त्या घराचे चार दिवसांचे उत्पन्न थांबते. गॅस्केट बदलण्यासाठी इंजिन खोलावे लागते, हेड उतरवून यंत्रशाळेत न्यावे लागते आणि खर्चही मोठा होतो. एवढे करूनही महिन्याभरात गाडी पुन्हा 'पाणी खाऊ' लागली, तर मालक कारागिराला दोष देतो आणि कारागीर गॅस्केटच्या दर्जाला. बहुतेक वेळा निर्णय एकच होतो : पुन्हा हेड उतरवायचे.

हा निर्णय घाईने घेतल्यास होणारे नुकसान पैशापुरते मर्यादित राहत नाही. दर वेळी हेडचा पृष्ठभाग सपाट करताना धातूचा एक थर कायमचा जातो. उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे तो घासता येत नाही. म्हणजेच चुकीचे निदान दुरुस्तीची पुढची संधीही हिरावून घेते. म्हणून दुसऱ्यांदा पाना हाती घेण्यापूर्वी निदान पक्के करणे अगत्याचे ठरते.

२. गॅस्केटचे कार्य आणि त्यावरील ताण
सिलिंडर ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामध्ये हेड गॅस्केट असते. ज्वलनाचे वायू, शीतक आणि वंगण तेल या तिन्हींना आपापल्या मार्गात राखणे हे त्याचे काम. ज्वलनाच्या क्षणी वायूंचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, तर त्यापासून अवघ्या काही मिलिमीटरवरून शंभर अंशांच्या आसपासचे शीतक वाहत असते.

अनेक मोटारींत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियमचा रेषीय प्रसरणांक दर अंशास सुमारे २३ दशलक्षांश, तर बिडाचा सुमारे ११ दशलक्षांश आहे. ४०० मिलिमीटर लांबीच्या हेडचे तापमान ८० अंशांनी वाढले तर ते सुमारे ०.७४ मिलिमीटर वाढू पाहते. तेवढ्याच लांबीचा ब्लॉक मात्र ०.३५ मिलिमीटरच वाढतो. हा फरक गॅस्केट प्रत्येक प्रवासात सोसत असते. इंजिन मर्यादेबाहेर तापले की बोल्टांनी जखडलेल्या हेडला मोकळेपणाने वाढता येत नाही, ते वाकते, दाब असमान होतो आणि जिथे दाब कमी तिथे गॅस्केट जळते. तात्पर्य, गॅस्केट जळाले म्हणून इंजिन तापले असे दिसत असले, तरी अनेकदा क्रम उलटा असतो.

३. सोलापूरची परिस्थिती
रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे शीतक व हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. शीतक ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर हा फरक ७० अंशांचा असतो. मे महिन्यात हवा ४३ अंशांवर गेली की तो ५२ अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर सुमारे एक-चतुर्थांश कमी उष्णता बाहेर टाकतो. अर्धवट चोंदलेला रेडिएटर जानेवारीत वेळ निभावून नेतो आणि एप्रिलमध्ये उघडा पडतो, त्याचे कारण हेच. हिवाळ्यात गॅस्केट बदललेली गाडी उन्हाळ्यात परत आली, तर संशय प्रथम शीतन यंत्रणेवर घ्यावा.

दुसरी बाब पाण्याची. बेसॉल्ट खडकातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. असे बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये वारंवार ओतले की तापलेल्या पृष्ठभागांवर क्षारांचा थर बसतो. या थराची उष्णतावाहकता धातूच्या मानाने कित्येक पटींनी कमी असल्याने सुई मध्यावर असतानाही हेडचा काही भाग आतून अतितप्त राहू शकतो. साध्या पाण्यात गंजरोधक द्रव्ये नसल्याने पाणपंपाची पाती व हेडमधील पाण्याच्या वाटा झिजतात, हे नुकसान वेगळेच.

तिसरी बाब झाकणाची. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांवर उकळते. रेडिएटरचे झाकण आत सुमारे १ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर जादा दाब राखते, तेव्हा हा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या जवळ जातो. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर निकामी झाले की ही सुरक्षेची पातळी नाहीशी होते आणि इतर सर्व सुस्थितीत असूनही गाडी उकळते.

४. पुनरुद्भवाचा काळ : निदानाचा पहिला धागा
तक्रार दुरुस्तीनंतर किती काळाने परतली, हे प्रथम विचारावे.

(अ) पहिल्या एक-दोन दिवसांत : हेडच्या पोकळ्यांत कोंडलेली हवा, सैल राहिलेला पाइप किंवा जोडणीतील चूक संभवते. इंजिन अडखळत असेल तर टायमिंग पट्टा एक दाता सरकलेला असणे, निर्वात नळी किंवा विद्युत जोड सुटलेला असणे, अशा नव्या दोषांचा गॅस्केटशी काहीही संबंध नसतो.

(आ) काहीशे किलोमीटरनंतर : हेड किंवा ब्लॉकचा पृष्ठभाग सपाट नसणे, बोल्टांचा ताण कमी पडणे किंवा हेडला सूक्ष्म तडा असणे संभवते. इंजिन तापल्यावरच उघडणारा तडा थंड अवस्थेतील तपासणीत निसटतो.

(इ) काही महिन्यांनी, विशेषतः उन्हाळ्यात : मूळ कारण दूर झाले नाही असे समजावे. रेडिएटर, थर्मोस्टॅट, पाणपंप, पंखा आणि झाकण यांपैकी काहीतरी दुर्लक्षित राहिलेले असते.

हे विभाजन काटेकोर नियम नव्हे. तपास कोठून सुरू करावा, एवढेच त्यातून ठरते.

५. चाचण्यांचा क्रम
सोपी, कमी खर्चाची आणि इंजिन न खोलता होणारी चाचणी आधी, हे सूत्र पाळावे. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण वाफेने गंभीर भाजण्याचा धोका असतो.

पहिली पायरी : इंजिन थंड असताना शीतक भरून कोंडलेली हवा काढावी. कोंडलेल्या हवेचे बुडबुडे थर्मोस्टॅट उघडल्यावर हळूहळू थांबतात. ज्वलनवायूचे बुडबुडे येतच राहतात आणि इंजिनाचा वेग वाढवला की वाढतात. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप कडक होणे, ही गळतीची बोलकी खूण आहे. इतक्या लवकर तो दाब केवळ उष्णतेने निर्माण होऊ शकत नाही.

दुसरी पायरी : झाकण व शीतन यंत्रणा हातपंपाने दाब देऊन तपासावी. दाब उतरला आणि बाहेर गळती दिसली नाही, तर स्पार्क प्लग काढून पाहावे. एखाद्या सिलिंडरमध्ये शीतक आढळल्यास गळतीची जागा तेथे आहे.

तिसरी पायरी : रेडिएटरच्या मुखाशी रासायनिक चाचणी घ्यावी. मुखावरील वायू निळ्या दर्शक द्रावणातून ओढला असता द्रावण पिवळे झाले, तर त्यात कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच ज्वलनवायू आहे. मात्र शीतक द्रावणात ओढले जाणार नाही याची दक्षता घ्यावी.

चौथी पायरी : प्रत्येक सिलिंडरचा संपीडन दाब मोजावा. समजा, चार सिलिंडरांत अनुक्रमे १२, ८, ८ व १२ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाब आला. शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच घटला आहे, तेव्हा त्यांच्यामधील गॅस्केटची कड गेली असावी. एकाच सिलिंडरचा दाब कमी असून थोडे तेल टाकल्यावर तो वाढला, तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत. शंका उरल्यास दट्ट्या वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडावी. हवा रेडिएटरमध्ये बुडबुडली तर गॅस्केट किंवा तडा, सायलेन्सरमधून आली तर निष्कास झडप आणि तेलाच्या तोंडातून आली तर कड्या सदोष आहेत.

पाचवी पायरी : वरील चाचण्यांत गळती आढळली नाही, तर हेडला हात लावू नये. थर्मोस्टॅट गरम पाण्यात धरून तो ठरलेल्या तापमानाला, साधारण ८२ ते ८८ अंशांस, उघडू लागतो का ते पाहावे. पंखा योग्य वेळी सुरू होतो का आणि रेडिएटरचा एखादा पट्टा थंड राहतो का, हेही तपासावे. थंड पट्टा म्हणजे चोंदलेल्या नळ्या.

दोन फसव्या लक्षणांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी व थोड्या वेळात थांबणारी पांढरी वाफ नैसर्गिक असते. तसेच तेलाच्या झाकणाखालची थोडी दुधी साय केवळ जवळच्या फेऱ्यांमुळे साचलेल्या ओलाव्याचीही असू शकते. एकाच लक्षणावरून निष्कर्ष काढू नये.

६. हेड उतरवावेच लागल्यास
काढलेले गॅस्केट भंगारात टाकण्याची पद्धत निदानाच्या दृष्टीने घातक आहे. ते कोणत्या सिलिंडरपाशी, कोणत्या कडेला जळले, यावरून गळतीची वाट समजते. वाकलेला पृष्ठभाग सरळ पट्टी व फीलर गेज वापरून लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्णांच्या दिशेने मोजावा. अनेक इंजिनांत मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. तरीही इंजिनाच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. हेड सपाट केले आणि ब्लॉक मोजलाच नाही, ही नेहमीची उणीव होय. हेडवर तडा शोधण्यासाठी दाब-चाचणी अथवा रंगद्रव्याची चाचणी करावी.

अनेक आधुनिक इंजिनांचे बोल्ट आवळताना ताणले जातात. ते एकदाच वापरायचे असतात. ते मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने व ठरलेल्या अंशांत आवळावेत. बोल्टाच्या बंद छिद्रात तेल किंवा पाणी राहिले तर रेंच खोटा आकडा दाखवतो, शिवाय ब्लॉकला तडा जाण्याचाही धोका असतो. १९९२ साली सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या रूपाने इंजिनाचे कॅमशाफ्ट घडवणाऱ्या सोलापूरला शतांश मिलिमीटरची भाषा परकी नाही. ती गल्लीतील गॅरेजपर्यंत पोहोचणे गरजेचे आहे.

७. निष्कर्ष
१) जळालेले गॅस्केट हा परिणाम आहे. ते का जळाले याचे उत्तर मिळेपर्यंत दुरुस्ती अपूर्ण समजावी.
२) तर्कशास्त्रातील अन्वय-व्यतिरेकाची कसोटी येथेही लागू पडते. संशयित कारण असता दोष दिसतो आणि ते दूर करता दोष जातो, हे दोन्ही पडताळावे. एकाच वेळी चार भाग बदलल्यास गाडी सुधारते, परंतु कारण अज्ञातच राहते.
३) सोलापूरसारख्या उष्ण प्रदेशात बोअरच्या पाण्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी व योग्य प्रमाणातील कूलंट वापरणे हा गॅस्केटचा सर्वांत स्वस्त विमा आहे.
४) चाचण्यांचे आकडे लिहून मालकाच्या हाती दिल्यास पुढील कारागिराला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि मालक व कारागीर यांच्यातील वादाची जागा कागदावरील पुरावा घेतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतनांच्या प्रात्यक्षिकांत इंजिन जोडण्याइतकेच महत्त्व अशा नोंदी ठेवण्यास दिले, तर त्याचा लाभ प्रत्यक्ष वाहनधारकापर्यंत पोहोचेल.