पाप व तारण (ख्रिस्ती धर्म)

ईश्वरापासून दुरावलेल्या मानवाचा त्याच्याशी पुन्हा जुळणारा संबंध म्हणजे तारण. ही ख्रिस्ती धर्मश्रद्धेतील मध्यवर्ती संकल्पना होय. या श्रद्धेनुसार पाप म्हणजे केवळ नियमभंग नव्हे. निर्मात्याकडे पाठ फिरविणे, हे त्याचे मूळ स्वरूप आहे. बायबलच्या हिब्रू व ग्रीक भाषांत पापासाठी योजिलेल्या प्रमुख शब्दांचा धात्वर्थ ‘नेम चुकणे’ असा आहे.

जुन्या करारातील ‘उत्पत्ति’ या पुस्तकात (अध्याय ३) आदाम व हव्वा यांच्या आज्ञाभंगाची कथा आली आहे. निषिद्ध फळ खाल्ल्यावर ती दोघे ईश्वरापासून लपतात, दोष दुसऱ्यावर ढकलतात आणि भूमीही त्यांच्यामुळे शापित होते. ईश्वर, सहमानव व सृष्टी या तिघांशी असलेला संबंध एकाच वेळी बिघडतो. मात्र त्याच कथेत लपलेल्या मानवाला ईश्वर हाक मारतो आणि घालवून देण्यापूर्वी त्याला वस्त्रेही देतो. तारणाचा आरंभ ईश्वराकडून होतो, या पुढील सिद्धांताचे बीज येथे दिसते.

संत पॉलने आदामाच्या आज्ञाभंगासमोर ख्रिस्ताचे आज्ञापालन ठेवले. संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने मूळ पापाचा सिद्धांत विशद केला. मानव स्वप्रयत्नाने निष्पाप राहू शकतो, हे पेलेजियसचे मत कार्थेजच्या धर्मपरिषदेने ४१८ मध्ये त्याज्य ठरविले. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत वारशाने दोष नव्हे, तर मर्त्यता येते, असे सामान्यतः मानतात. ल्यूथरने केवळ श्रद्धेने तारण मिळते, असे प्रतिपादिले. तर ट्रेंटच्या परिषदेने (१५४५–६३) कृपेचे अग्रस्थान मान्य करून मानवी सहकार्यावर भर दिला. या वादातील मूलभूत मुद्द्यांवर ल्यूथरपंथीय व कॅथलिक यांनी १९९९ मध्ये संयुक्त घोषणापत्र स्वीकारले.

मराठीत हा विचार मांडताना शब्दांची अडचण होती. पाप हा शब्द कर्मफलाशी, तर मुक्ती हा शब्द जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याशी निगडित होता; ख्रिस्ती विचारात पुनर्जन्माला स्थान नाही. तथापि पतितांना पावन करणाऱ्या देवाची कल्पना मराठी मनाला परकी नव्हती. परंपरेने जनाबाईंचे जन्मगाव मानलेले गंगाखेड (जि. परभणी) आणि नामदेवांशी निगडित नरसी (१९९९ पर्यंत परभणी, त्यानंतर हिंगोली जिल्हा) ही त्या भक्तिपरंपरेचीच स्थाने होत. ईश्वरी कृपेची ही परिचित भाषा मराठी ख्रिस्ती लेखकांना उपयोगी पडली.

फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) हा ओवीबद्ध ग्रंथ गोव्यात रचला. त्याच्या पहिल्या पुराणात मानवाचे पतन व तारकाची प्रतीक्षा, तर दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र आहे. म्हणजे ग्रंथाची रचनाच पाप व तारण या क्रमाने झाली आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांनी संतांच्या अभंगवाणीत ख्रिस्तभक्ती व्यक्त केली. त्यांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या कार्यात या सिद्धांताला सामाजिक आशय लाभला. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची सेवा धर्मभगिनी करीत असल्याचे त्यांनी इंग्लंडमध्ये पाहिले. या सेवेमागील प्रेरणा विचारली असता त्यांना ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगण्यात आली. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगाव (जि. पुणे) येथे त्यांनी आपल्या संस्थेला ‘मुक्ती’ हे नाव दिले आणि अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उघडले. मुक्ती या जुन्या शब्दाला येथे निराळा अर्थ प्राप्त झाला : संसारातून सुटका नव्हे, तर बहिष्कृत व्यक्तीला ईश्वराच्या व माणसांच्या सहवासात पुन्हा मिळालेले स्थान.